चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी डोळ्यातलं भिंग बदलणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. म्हणजे अंधाऱ्या खोलीत बसवून ‘आता बरं दिसतंय, की मघाशी?’ असं पंधरा वेळा विचारून तुम्हाला वैताग आणणारी. ऑपरेशन डॉक्टर करतात, पण त्याआधीची मापं माझ्याकडे होतात आणि डॉक्टरांसमोर विचारायचे राहून गेलेले प्रश्नही बहुतेक माझ्याच वाट्याला येतात. ते लोक विचारतात तसेच इथे लिहिले आहेत.

हे लेसिकच ना?

नाही. लेसिक डोळ्याच्या बाहेरच्या काचेवर होतं, हे आतल्या भिंगावर. डोळ्यात शिरणारा प्रकाश दोन ठिकाणी वाकतो. बाहेरचा पारदर्शक भाग, म्हणजे कॉर्निया, त्यातलं सुमारे ४३ डायॉप्टरचं (चष्म्याचा नंबर मोजतात तेच हे एकक) काम करतो आणि बाहुलीमागचं भिंग साधारण २० डायॉप्टरचं. लेसिकमध्ये कॉर्निया लेसरनं तासतात. आयसीएलमध्ये तुमचं भिंग जागेवरच राहतं, त्याच्या पुढ्यात एक पातळ जादा लेन्स सरकवतात. तिसऱ्या प्रकारात तुमचं स्वतःचं भिंग काढून त्याजागी मापानं निवडलेली कृत्रिम लेन्स घालतात. फाइलवर याला ‘रिफ्रॅक्टिव्ह लेन्स एक्स्चेंज’ किंवा नुसतं ‘आरएलई’ लिहिलेलं दिसेल. आयसीएल नको झाली तर काढता येते. इथे काढलेलं भिंग परत बसवता येत नाही.

म्हणजे मोतीबिंदू नसताना मोतीबिंदूचं ऑपरेशन?

अगदी तेच. तीच खोली, तेच यंत्र, तीच लेन्स. मोतीबिंदूत भिंग गढूळ झालेलं असतं म्हणून काढावं लागतं. इथे ते स्वच्छ असतं, केवळ चष्मा नको म्हणून काढतात. बरोबर आलेल्या एखाद्या मावशी पटकन म्हणतात, ‘चांगलं चाललेलं कशाला उकरून काढायचं?’ पेशंट लाजतो, पण मावशींचा प्रश्न चुकीचा नसतो. खालची निम्मी उत्तरं त्याच प्रश्नाची आहेत.

एक फायदा मात्र पक्का. मोतीबिंदू ज्यात होतो ते भिंगच उरत नाही, त्यामुळे पुढे त्याचं ऑपरेशन लागत नाही.

मी ३२ वर्षांचा, नंबर उणे सात. कॉर्निया पातळ म्हणून लेसिकला नकार मिळाला. मग हे करून टाकू?

थांबा. तुमचं भिंग अजून लवचीक आहे. हिंजवडीच्या ऑफिसात तुम्ही मोबाइलवरून खिडकीबाहेर आणि तिथून परत स्क्रीनवर बघता, तेव्हा डोळ्यातला एक छोटा स्नायू त्या भिंगाचा फुगवटा क्षणात कमीजास्त करतो आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही. वयाबरोबर भिंग ताठर होत जातं आणि चाळिशी लागते. तुम्ही आज भिंग काढलंत तर ती एका दुपारीत लागेल. आज मिळणारी कुठलीही कृत्रिम लेन्स, कितीही महाग घेतली तरी, तरुण भिंगाइतक्या सहजपणे फोकस बदलत नाही.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. सामान्य डोळ्याची लांबी २३-२४ मिलिमीटर असते, मोठ्या उणे नंबराचा डोळा त्याहून दोनतीन मिलिमीटर लांब. त्यामुळे मागचा पडदा, म्हणजे रेटिना, आधीच ताणलेला असतो. भिंग काढल्यावर मागचा जेलीसारखा भाग थोडा पुढे सरकतो, पडद्याला ओढ बसू शकते आणि पडदा सुटण्याचा धोका वाढतो. मोठा उणे नंबर, तरुण वय आणि पुरुष असणं, या तिन्ही गोष्टींनी तो वाढतो, आणि तुमच्यात तिन्ही आहेत.

आयसीएलबद्दल विचारा. तिला कॉर्निया तासावा लागत नाही, पण डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात पुरेशी खोली लागते. तेही मापात बसलं नाही तर चष्मा आहेच. असं म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो, हे मला माहीत आहे.

मग हे करायचं तरी कोणी?

सगळ्यात जास्त समाधानी लोक मला एका गटात दिसतात : पन्नाशीच्या पुढचे आणि ‘अधिक’ नंबरवाले. अधिक चार नंबर असलेल्या बाईंना या वयात लांबचंही धूसर दिसतं आणि जवळचं त्याहून धूसर. सकाळी उठल्यावर चष्मा शोधायलाही चष्मा लागतो. त्यांचं भिंग तसंही ताठर झालेलं असतं, त्यामुळे ते काढून फारसं काही गमावायचं नसतं.

त्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. अधिक नंबरचा डोळा लहान असतो आणि वयाबरोबर भिंग जाड होत जातं. जागा अपुरी पडली की डोळ्यातलं पाणी जिथून निचरतं तो कोन अरुंद होतो आणि काचबिंदू होऊ शकतो. जाड भिंगाच्या जागी पातळ लेन्स आली की तिथे ऐसपैस जागा होते. कोन बंद होऊन दाब बराच वाढलेल्या किंवा काचबिंदू सुरू झालेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या रुग्णांत स्वच्छ भिंग काढणं हा नेहमीच्या लेसर उपचारापेक्षा सरस ठरल्याचा अभ्यास २०१६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. अशा रुग्णांशी बोलताना चष्म्याचा मुद्दा दुय्यम असतो.

मोतीबिंदूची नुकती सुरुवात झालेल्यांनाही हा विचार रास्त आहे. उलट पडद्याचा आजार, मधुमेहानं पडद्यावर आलेली सूज किंवा डोळ्यांचा तीव्र कोरडेपणा असेल तर आधी त्याचा इलाज.

माझा नंबर उणे तीन, वय ५०. लांबचं अजिबात दिसत नाही. करावं का?

आधी सांगा, पेपर कसा वाचता? चष्मा काढून, हो ना? उणे तीन नंबरच्या डोळ्याचा फोकस ३३ सेंटिमीटरवर पडतो, म्हणजे नेमका पुस्तक धरायच्या अंतरावर. देवानं फुकट दिलेलं वाचायचं भिंग आहे ते. ऑपरेशन करून नंबर शून्यावर आणला आणि लेन्स साधी असली, तर पर्वतीवरून सिंहगड स्वच्छ दिसेल, पण औषधाच्या पट्टीवरची तारीख, तांदळातले खडे, सुईतला दोरा, माशाचे काटे या सगळ्याला चष्मा लागेल. अशी माणसं महिनाभरानं चिडून येतात. ‘एक चष्मा घालवायला आलो आणि तुम्ही दुसरा लावलात.’

रविवार पेठेतले एक कारागीर मोतीबिंदूसाठी आले होते. चष्मा कपाळावर सरकवून आयुष्यभर नथीचं काम केलेलं. त्यांनी मुद्दाम उणे अडीच नंबर शिल्लक ठेवणारी लेन्स घालून घेतली. घरचे म्हणाले, ऑपरेशन करूनही चष्मा? ते म्हणाले, चष्मा रस्त्यासाठी, डोळे कामासाठी.

आणि हो, ‘तुमच्याच डोळ्यांवर चष्मा कसा?’ हेही मला रोज विचारतात. उणे पावणेतीन, वय ४८. चष्मा काढून वाचता येतं, म्हणून.

लेन्स कोणती चांगली? सगळ्यात महागडी टाकू का?

किमतीवरून लेन्स निवडू नका, तुम्ही दिवसभर कुठल्या अंतरावर बघता त्यावरून निवडा.

मोनोफोकल लेन्सचा फोकस एकाच अंतरावर असतो. बहुतेक जण तो लांबचा ठेवतात आणि वाचायला चष्मा वापरतात. तिची नजर लख्ख असते. ट्रायफोकल लेन्स येणारा प्रकाश लांब, मध्यम आणि जवळ अशा तीन अंतरांत वाटून देते. बरेच जण तिच्यावर चष्म्याविना सगळं करतात. पण प्रकाश वाटला की प्रत्येक वाट्याला थोडा कमी येतो. मंद उजेडात अक्षरं फिकी वाटतात, आणि रात्री प्रत्येक दिव्याभोवती कंकणासारखं वलय दिसतं. मेंदू काही महिन्यांत त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, सगळ्यांचा मात्र शिकतोच असं नाही. रात्री उशिरा सिंहगड रोडवरून दुचाकी हाकणाऱ्यांनी, टॅक्सी चालवणाऱ्यांनी हे ऐकून घेतल्याशिवाय सही करू नये. पडदा कमजोर असलेल्यांना आणि काचबिंदूनं नजर कमी झालेल्यांना आम्ही ती सहसा सुचवत नाही. फ्रेमचा स्क्रू अर्धा फेरा सैल झाला म्हणून दुकानात परत जाणाऱ्यांनाही नाही. हे थट्टेनं लिहिलेलं नाही. बारीकसारीक खटकणाऱ्या स्वभावाला ही लेन्स मानवत नाही.

ईडॉफ लेन्स या दोघींच्या मधली. लांबचं आणि लॅपटॉपचं चांगलं, बारीक अक्षराला हलका चष्मा, वलयं साधारणपणे ट्रायफोकलपेक्षा कमी. चौथा मार्ग स्वस्तातला आहे आणि त्याची जाहिरात कुणी करत नाही : दोन्ही डोळ्यांत मोनोफोकल, एकाचा फोकस लांब आणि दुसऱ्याचा थोडा जवळ. याला मोनोव्हिजन म्हणतात. ऑपरेशनआधी आठवडाभर कॉन्टॅक्ट लेन्स लावून याची चव घेता येते. बाकीच्या लेन्सची अशी चव घेता येत नाही.

माझ्याकडे येण्याआधी एक दिवस घरात मोजपट्टी घेऊन फिरा. मोबाइल किती लांब धरता, लॅपटॉप किती लांब असतो, पोळपाट, हार्मोनियमवरची वही, गाडीचा स्पीडोमीटर. आकडे कागदावर लिहून आणा. एका काकांनी असा तक्ता आणला आणि त्यातून कळलं, की त्यांचा दिवसातला सगळ्यात मोठा वेळ ब्रिजच्या पत्त्यांत जातो. त्यांची लेन्स दहा मिनिटांत ठरली.

चष्मा शंभर टक्के जाईल, असं लिहून द्याल?

नाही, आणि कुणी देत असेल तर तिथून उठा. लेन्सचा नंबर डोळ्याच्या लांबीवरून आणि कॉर्नियाच्या गोलाईवरून गणितानं काढतात. लांबीच्या मापात एक मिलिमीटर चुकला तर चष्म्याचा नंबर जवळजवळ अडीच ते तीननं चुकतो. आजची यंत्रं मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात, पण डोळा बरा होताना लेन्स आत नेमकी किती खोल स्थिरावेल हा अंदाजच असतो. पाव-अर्धा नंबर उरू शकतो.

मापं बिघडवणाऱ्या दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मऊ लेन्स किमान आठवडाभर आणि कडक लेन्स त्याहून जास्त दिवस आधी काढून ठेवा, कारण त्यांनी कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो. आणि पूर्वी लेसिक झालं असेल तर ते सांगा. वीस वर्षांपूर्वी केलं म्हणून लोक विसरतात. तासलेल्या कॉर्नियावर नेहमीचं सूत्र चुकतं, म्हणून लेसिकच्या आधीचा नंबर लिहिलेला जुना कागद माळ्यावरून शोधून आणलात तर फार उपयोग होतो.

सिलिंडर नंबर आहे. चालेल?

चालेल. सिलिंडर म्हणजे कॉर्निया सगळ्या दिशांना सारखा गोल नसल्यानं येणारा नंबर. त्यासाठी टोरिक लेन्स घालतात. ती ठरलेल्या कोनातच बसावी लागते. एक अंश फिरली तर सिलिंडरमधली सुमारे तीन टक्के दुरुस्ती वाया जाते, तीस अंश फिरली तर जवळपास सगळीच. आडवं झाल्यावर डोळा किंचित वळतो, म्हणून तुम्ही बसलेले असतानाच खूण करतात. शाईचा ठिपका बघून घाबरू नका.

ऑपरेशन दुखतं का? इंजेक्शन देतात?

बहुतेकांना फक्त बधिर करणारे थेंब पुरतात. बाहुली मोठी करतात, चेहऱ्यावर कापड टाकतात, तुम्ही वरच्या दिव्याकडे बघत राहता. कॉर्नियाच्या कडेला दोन-अडीच मिलिमीटरचा छेद, भिंगाच्या पिशवीला पुढून गोल खिडकी, मग अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी भिंग बारीक फोडून ओढून घेतात. ही फेकोची पद्धत अमेरिकेच्या चार्ल्स केलमन यांनी १९६७ साली आणली, आणि कल्पना सुचली ती दाताच्या डॉक्टरकडे, दात साफ करणारं यंत्र बघून. शेवटी घडी घातलेली लेन्स त्याच छेदातून आत जाते आणि पिशवीत उलगडते. टाका सहसा लागत नाही. टेबलावर साधारण पंधरा-वीस मिनिटं. दाब जाणवतो, रंग हलताना दिसतात, पाणी वाहतं. खोकला येणार असेल तर आधी बोला, एकदम मान हलवू नका.

प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेत असाल, किंवा पूर्वी घेत होतात, तर ते आधी सांगाच. त्या गोळीनं बुबुळ ढिलं पडतं आणि ऑपरेशनमध्ये फडफडतं. माहीत असलं की डॉक्टर तयारीनं उतरतात. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका.

‘ब्लेडलेस लेसर’वाली पद्धत जास्त चांगली का?

त्यात छेद, खिडकी आणि भिंगाचे तुकडे लेसर करतो. तुकडे बाहेर काढायला फेको लागतंच. कुशल हातांनी केलेल्या फेकोपेक्षा यात नजर ठळकपणे सरस येते, असं मोठ्या तुलनांत दिसलेलं नाही. खर्च जास्त. परवडत असेल तर करा, कर्ज काढून नको.

धोके काय? खरं सांगा.

सगळ्यात भीती असते ती आत जंतुसंसर्ग होण्याची. तो विरळा असतो, पण झाला तर नजर जाऊ शकते. ऑपरेशनमध्ये भिंगाची मागची पिशवी फाटू शकते, मग ठरवलेली लेन्स घालता येईलच असं नाही. पडद्याच्या मध्यभागी सूज येऊ शकते, ती बहुधा औषधानं उतरते. कोरडेपणा काही महिने वाढतो. पडदा सुटण्याचं वर आलंच आहे. त्यासाठी ऑपरेशनआधी बाहुली मोठी करून पडद्याच्या कडा तपासतात आणि गरज असेल तिथे कमकुवत जागा लेसरनं बंद करतात. ही तपासणी न करता तारीख दिली गेली तर दुसरीकडे मत घ्या.

मोतीबिंदूवाला माणूस हे धोके पत्करतो, कारण त्याची नजर तशीही जात असते. तुमची चष्म्यातून पूर्ण आहे. हा फरक सही करण्याआधी घरी सगळ्यांसमोर एकदा मोठ्यानं बोलून बघा.

दोन्ही डोळे एकदम करता येतील?

बहुतेक ठिकाणी एक डोळा आणि एकदोन आठवड्यांनी दुसरा. पहिल्याचा निकाल बघून दुसऱ्याची लेन्स थोडी बदलता येते. पण मधले दिवस विचित्र जातात. एक डोळा शून्य आणि दुसरा अधिक चार, जुना चष्मा लावला तर चक्कर येते. झालेल्या डोळ्यापुढची काच चष्मेवाल्याकडून काढून घ्या. दिसायला गमतीशीर, पण काम चालतं.

डोक्यावरून अंघोळ कधी? स्वयंपाक? गाडी?

मोबाइल, टीव्ही, वाचन दुसऱ्या दिवसापासून चालतं, डोळा त्यानं बिघडत नाही. मानेखालून अंघोळ लगेच, डोक्यावरून साधारण दहा दिवसांनी. काजळ, भुवयांचं थ्रेडिंग, जड उचलणं आणि शीर्षासन महिनाभर नको. टिळक तलावावर पोहायला जाणाऱ्यांनी महिनाभर काठावरच गप्पा माराव्यात. स्वयंपाक दोनतीन दिवसांनी करा, फोडणी दुसऱ्या कुणाला घालू द्या. गाडी डॉक्टर नजर तपासून सांगतील तेव्हाच. झोपताना आठवडाभर डोळ्यावर कवच लावा, कारण आपण झोपेत डोळे चोळतो. थेंब महिना-दीड महिना चालतात आणि ते घालायला घरात एक माणूस नेमलेला बरा.

तारीख निवडताना पंचांगापेक्षा कॅलेंडर बघा. गणपतीच्या मिरवणुकीतला गुलाल, रंगपंचमी, दिवाळीचा धूर हे सगळं पुढच्या महिन्याभरात येत नाही ना, एवढं पुरे. वारीला पायी जाणारे आमच्याकडे आषाढीनंतरचीच तारीख मागतात, ते योग्यच करतात.

अचानक वीज चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके वाढले, बाजूनं पडदा सरकल्यासारखं वाटलं, किंवा डोळा लाल होऊन दुखायला लागला आणि नजर उतरली, तर त्याच दिवशी या. उद्या सकाळी नाही. ऑपरेशनला पाच वर्षं झाली असली तरी हाच नियम.

शेजारणीला दोन वर्षांनी मोतीबिंदू परत आला म्हणे!

मोतीबिंदू नव्हे, जाळी. ज्या पिशवीत लेन्स बसवतात तिचा मागचा पापुद्रा काहींना महिन्या-वर्षांनी धुरकट होतो. यॅग लेसरनं त्यात पाच मिनिटांत खिडकी करतात, कापाकापी नाही, त्याच दिवशी घरी.

लेन्सची एक्स्पायरी असते ना? किती वर्षं टिकते?

खोक्यावर असते, ती निर्जंतुकपणाची. डोळ्यात गेल्यावर लेन्स जन्मभर राहते. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे ॲक्रिलिकचे, कण काही वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले होते. ते डोळे त्या कणांवर भडकत नाहीत, हे हेरल्ड रिडली या ब्रिटिश डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ला लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात पहिली कृत्रिम लेन्स बसवली. त्या काळी त्यांच्यावर टीकाच जास्त झाली. आजच्या बहुतेक लेन्स त्याच ॲक्रिलिकच्या कुळातल्या, फक्त घडी घालता येणाऱ्या. विमानतळावर वाजत नाहीत, एमआरआयला अडत नाहीत.

विम्यात बसतं का? ‘मोतीबिंदू’ लिहून द्या ना, काय फरक पडतो?

आरोग्य विम्याच्या ठरावीक अपवादांत ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी नंबराची दुरुस्ती येते, तिचे पैसे मिळत नाहीत. नंबर त्याहून मोठा असेल तर आधी कंपनीकडून लेखी घ्या. मोतीबिंदूला विमा मिळतो, पण बहुधा सुरुवातीच्या प्रतीक्षेनंतर आणि ठरलेल्या मर्यादेत, त्यामुळे महाग लेन्सचा फरक खिशातूनच जातो.

‘लिहून द्या’ला उत्तर नाही. भिंगाची पारदर्शकता आम्ही प्रत्येक तपासणीत नोंदवतो. खोटं निदान पकडलं गेलं तर दावा फेटाळला जातो, आणि पुढे खरोखर आजारी पडाल तेव्हा ती जुनी फाइल उघडली जाते. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयांत आणि शिबिरांत मोतीबिंदूची मोफत ऑपरेशनं होतात ती अंधत्व टाळण्यासाठी, चष्मा घालवण्यासाठी त्या रांगेत उभं राहू नये.

पॅकेजचा आकडा ऐकल्यावर तीन गोष्टी विचारा : तो एका डोळ्याचा की दोन्हींचा, त्यात थेंब आणि पुढच्या तपासण्या धरल्यात का, आणि उरलेला नंबर काढायला लेसर लागला तर त्याचे पैसे वेगळे का. डिस्चार्जच्या कागदावर लेन्सचं स्टिकर चिकटवून घ्या, त्यावर नंबर आणि अनुक्रमांक असतो.

पहिल्या तपासणीला काय आणू?

सध्याचा चष्मा आणि जमेल तितके जुने. घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, मधुमेह असेल तर अलीकडचा साखरेचा रिपोर्ट, लेसिकचे कागद असतील तर ते. वर सांगितलेला मोजपट्टीचा तक्ता. आणि बरोबर एक माणूस, कारण बाहुली मोठी करायच्या थेंबांनी पुढचे चारसहा तास उजेड सहन होत नाही, जवळचं दिसत नाही, आणि ॲक्टिव्हा चालवत घरी जायला मी देत नाही.